मूशचा सुलतान आणि अठ्ठावीस किलोंची पोथी

मुंबईच्या कोटात, पूर्वी ज्याला मेडोज स्ट्रीट म्हणत आणि आता नगीनदास मास्तर मार्ग म्हणतात, त्या रस्त्यावर १७९६ साली स्थापन झालेले आर्मेनियन लोकांचे सेंट पीटर्स चर्च आहे. विद्यार्थिदशेत मी त्याच्यावरून नित्य जात असे, आणि काळा समुद्र व कास्पियन समुद्र यांच्या मधल्या डोंगराळ मुलुखातील या लोकांनी मुंबईसारख्या परक्या बंदरात देवघर कशासाठी मांडले असावे, हा प्रश्न तेव्हा जो मनात रुजला तो पुढे चाळीस वर्षे वाढतच गेला. शहा अब्बासने सतराव्या शतकाच्या आरंभी जुल्फा नगरीतील आर्मेनियन सावकारांना उचलून इस्फहानजवळ वसविल्याची हकिकत, तेथून सुरत, आग्रा, कलकत्ता, मद्रास येथपर्यंत पसरलेल्या त्यांच्या पेढ्या, आणि १६८८ साली खोजा फानूस कलंदर यांनी लंडनला जाऊन कंपनी सरकारशी केलेला करार, ज्यान्वये चाळीस आर्मेनियन जेथे वस्ती करतील तेथे कंपनीने लाकडी चर्च बांधून द्यावे व धर्मगुरूस सात वर्षेपर्यंत सालिना पन्नास पौंड द्यावे असे ठरले, हे सर्व इतिहासप्रेमी वाचकांना ठाऊक असते. जगातील पहिले आर्मेनियन नियतकालिक ‘आझ्दारार’ हे १७९४ साली मद्रासेत हारुत्यून श्माव्होन्यान नावाच्या धर्मगुरूने काढले, म्हणजे बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पणा’च्या अडतीस वर्षे आधी, हेही पुष्कळांनी वाचलेले असेल. मला मात्र या लोकांच्या घरात नेले ते एका निराळ्याच दाराने, आणि ते दार आज बहुतेक विद्वान खोटे मानतात.

एका जुन्या ग्रंथालयात बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकाचा १८३६ सालचा बांधीव खंड चाळत असता, कलकत्त्याच्या आर्मेनियन विद्यालयाचे मुख्याध्यापक जोहानस अव्डाल यांचा ‘प्राचीन आर्मेनियातील हिंदू वसाहत’ या विषयावरील निबंध दृष्टीस पडला. त्याचा आधार झेनोब ग्लाक या मठाधिपतीच्या नावावर असलेली बखर. तीत सांगितले आहे, की हिंदुस्थानातील गिसाने व देमेत्र हे दोन राजपुत्र आपल्या राजाविरुद्ध केलेला कट फसल्यामुळे पळून आर्मेनियाचा राजा वाघार्शाक याच्या आश्रयास गेले. त्याने त्यांना तारोन प्रांतात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील मूशच्या पठारावर, जमीन इनाम दिली. पंधरा वर्षांनी राजाने काही कारणाने दोघांनाही ठार मारून तोच मुलूख त्यांच्या कुआर, मेघ्ती व होर्यान या तीन पुत्रांच्या हवाली केला. पुत्रांनी आपापल्या नावाची गावे वसविली, आणि पुढे एका डोंगरावर वाडवडिलांच्याच मूर्ती स्थापून त्यांची पूजा सुरू केली. चौथ्या शतकाच्या प्रारंभी आर्मेनियास ख्रिस्ती दीक्षा देणारा ग्रेगरी तेथे आला तेव्हा या लांब केसांच्या पुजाऱ्यांनी शस्त्र उपसून त्याची वाट अडविली, घनघोर लढाई झाली, मूर्ती भंगल्या, आणि त्याच जागी सूर्ब कारापेत, म्हणजे ख्रिस्ताचा अग्रदूत योहान, याचा मठ उभा राहिला.

हे वाचून माझ्या तरुण मनाला किती आनंद झाला हे सांगावयास नको. मूशच्या बर्फाळ पठारावर आपल्या देवांची घंटा वाजली होती, या कल्पनेने मी कित्येक दिवस भारून गेलो होतो. पण जी कथा आपल्या अभिमानास गोंजारते तिची साक्ष दुप्पट कसोशीने काढली पाहिजे, असे माझे मत पुढे झाले ते याच प्रकरणामुळे. गिसाने या नावाचा संबंध आर्मेनियन भाषेतील केसांच्या ‘गेस’ या शब्दाशी सहज लागतो, त्यासाठी संस्कृतपर्यंत जाण्याची गरज उरत नाही. कुआर, मेघ्ती, होर्यान या तीन भावांची कथा कीव्ह नगरी वसविणाऱ्या कीय, श्चेक व खोरीव या तीन भावांच्या रशियन बखरीतील कथेशी इतकी मिळते, की निकोलाय मार यांच्यासारख्या भाषापंडिताने तिच्याकडे लक्ष वेधले. म्हणजे ही भटकी लोककथा असून ती जेथे गेली तेथे तिने घर केले. आणि मुळात झेनोबच्या बखरीचा काळच वादग्रस्त. ती स्वतःस चौथ्या शतकातील म्हणविते खरी, पण लेव्हॉन अव्दोयान यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या चिकित्सेत तिची रचना दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात नेली आहे, आणि त्यांचा युक्तिवाद मला पटतो. मठाचे हक्क व प्रतिष्ठा वाढविण्यासाठी मागाहून माहात्म्य रचण्याची रीत आपल्या क्षेत्रांनाही अपरिचित नाही. हिंदू वसाहत हातची गेली याचे मला दुःख झाले. पण ज्या मठाचे हे माहात्म्य त्या मठाचा माग मी सोडला नाही, आणि माझ्या संशोधनाचे खरे फळ तेथेच होते.

आर्मेनियन जनता या मठाच्या अधिष्ठात्याला ‘मूशचा सुलतान सूर्ब कारापेत’ म्हणे. वाळवंटात राहून मध व टोळ खाणाऱ्या विरक्त संताला सुलतान ही पदवी चर्चच्या कुठल्या सनदेने दिली नव्हती, ती लोकांनी दिली होती. जशी आपण विठोबाला पंढरीचा राणा म्हणतो तशी. त्याचे दुसरे बिरुद ‘मुराझातू’. यातला ‘मुराझ’ म्हणजे आपल्या कानावरून गेलेला ‘मुराद’ हाच शब्द, आणि संपूर्ण बिरुदाचा अर्थ मराठीत एका वाक्प्रचारात सांगता येतो: नवसाला पावणारा. गाणारे आशूघ त्याच्याकडे कंठ मागत, मल्ल बळ मागत, आणि सर्वांत निष्ठावंत भक्त म्हणजे दोरावर चालणारे कसरतपटू, ज्यांना आर्मेनियन लोक ‘पहलेवान’ म्हणतात. दोर ताणला, की पहलेवानाने प्रथम मूशच्या सुलतानाचे स्मरण करावयाचे, मग पाऊल उचलावयाचे; आजही येरेवानच्या बाजूला जे थोडे पहलेवान उरले आहेत त्यांनी ही निष्ठा टाकलेली नाही. आपल्याकडे डोंबाऱ्याच्या खेळाला इतका थोर आश्रयदाता कधी लाभला नाही, याची मला खंत वाटते.

या मठाची मोठी यात्रा वार्दावारला भरे. ईस्टरनंतर चौदा आठवड्यांनी, भर उन्हाळ्यातल्या रविवारी येणारा हा सण चर्चच्या दप्तरात ख्रिस्ताच्या रूपांतराचा म्हणून नोंदलेला असला, तरी लोकांच्या लेखी तो पाण्याचा सण आहे. त्या दिवशी ओळखीच्या-अनोळखी, लहान-थोर कोणावरही घागर वा बादली रिती करावी, आणि भिजलेल्याने राग धरू नये, असा दंडक. येरेवानच्या रस्त्यांवर आजही सकाळपासून पोरे टपून बसलेली असतात. ‘वार्द’ म्हणजे गुलाब. आस्तघिक या प्रेमाच्या व जलाच्या प्राचीन देवतेला गुलाब वाहण्याच्या चालीतून हा सण आला, असे विद्वान मानतात. आमच्या रंगपंचमीशी याची तुलना सुचणे स्वाभाविक आहे, पण येथे रंग नाही, केवळ पाणी आहे, आणि ज्या पठारावर जुलै महिन्यात गवतही करपते तेथे पाणी उधळण्याचा अर्थ कोकणातल्या माणसाला पुरतेपणी कळणे कठीण.

फेब्रुवारीच्या मध्यास येणाऱ्या ट्रन्देझला चर्चच्या अंगणात होळी पेटते आणि नवविवाहित जोडपी हातात हात घालून तिच्यावरून उडी मारतात. ऑगस्टमध्ये मरियेच्या सणाला द्राक्षांना आशीर्वाद दिल्यावाचून नव्या हंगामाचे द्राक्ष तोंडात घालीत नाहीत. यांची वर्णने सर्वत्र मिळतात. मला अधिक जिव्हाळा वाटतो तो ईस्टरनंतर चाळीसाव्या दिवशी येणाऱ्या हाम्बार्त्सूमचा, ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणाचा. आदल्या दिवशी मुली न बोलता सात झऱ्यांचे पाणी व सात जातींची फुले गोळा करतात, भांड्यात प्रत्येक जण आपली अंगठी वा मणी टाकते, रात्रभर ते भांडे ताऱ्यांखाली राहते. सकाळी फेर धरून चार चरणांची गाणी म्हणावयाची आणि एकेका गाण्यासरशी एकेक वस्तू बाहेर काढावयाची, जिची वस्तू तिचे ते भविष्य. भोंडल्याचा फेर आणि खिरापत ओळखण्याची ती अधीरता ज्यांनी लहानपणी अनुभवली आहे, त्या भगिनींना हे दृश्य परके वाटणार नाही.

त्याच रात्री, अशी श्रद्धा आहे, की व्हान येथील एका कड्यातले दार उघडते. ‘सासूनचा दाविद’ या आर्मेनियन महाकथेचा अखेरचा वीर धाकटा म्हेर, जगात अन्याय इतका वाढला की भूमी त्याच्या घोड्याचे खूर पेलेना, म्हणून घोड्यासह त्या कड्यात शिरला. गव्हाजवाचे दाणे फळांएवढे टपोरे होतील तेव्हाच तो बाहेर येणार. पुरातत्त्वज्ञ सांगतात, की ते दार म्हणजे उरार्तू राजांनी ख्रिस्तपूर्व नवव्या शतकात कोरविलेला शिलालेख असून त्यात कोणत्या देवतेस किती बैल व किती मेंढ्या अर्पण कराव्या याची यादी आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या मानण्यास मला अडचण पडत नाही. ही महाकथा शेकडो वर्षे केवळ मुखोद्गत होती. १८७३ साली गारेगिन स्र्वान्द्झत्यान या धर्मगुरूने ती प्रथम लिहून घेतली, आणि सांगणारा क्र्पो नावाचा शेतकरी मूशच्याच पठारावरचा होता. सुलतान मूशचा, कथेकरी मूशचा. आणि आता जिच्याविषयी लिहावयाचे ती पोथीही मूशची.

येरेवानच्या माटेनादारानमध्ये, लिपीचा जनक मेस्रोप माश्तोत्स याच्या पुतळ्यामागे, आर्मेनियन हस्तलिखितांचा जगातील सर्वांत मोठा साठा आहे. माश्तोत्सने ४०५ च्या सुमारास छत्तीस अक्षरे योजली, आणि त्याला व त्याच्या सहकाऱ्यांना चर्चने संत केले ते ‘पवित्र भाषांतरकार’ म्हणून. ऑक्टोबर महिन्यात, आपल्याकडे दसऱ्याला पाटीपूजन होते त्या सुमारास, त्यांचा सण येतो. भाषांतरकारांच्या नावाने सण पाळणाऱ्या समाजाविषयी लेखणी धरणाऱ्या माणसाला प्रेम वाटल्यावाचून कसे राहील! या संग्रहातील सर्वांत लहान हस्तलिखित १४३४ सालचे, वजन एकोणीस ग्रॅम. सर्वांत मोठे सुमारे अठ्ठावीस किलोंचे. लहान आहे ते चर्चचे पंचांग, कोणता सण कोणत्या दिवशी येतो हे सांगणारे. मोठे आहे ते सणांच्या दिवशी काय वाचावे हे सांगणारे, प्रवचने व संतचरित्रे यांचे संकलन, ‘मूशचे चारेंतीर’.

हे चारेंतीर १२०० ते १२०२ या काळात एर्झिंजानजवळच्या आवाग मठात तयार झाले. आस्तवात्सातूर नावाच्या धनिकाने ते लिहवून घेतले, चित्रे स्तेपानोसची, अक्षर वर्दान कार्नेत्सी याचे. ‘एत्सी’ हा प्रत्यय आपल्या ‘कर’ प्रत्ययासारखा, तेव्हा आपण त्याला कारिनकर म्हणू. काम पुरे होते न होते तोच सेल्जूकांच्या धाडीत आस्तवात्सातूर मारला गेला आणि पोथी एका काझीच्या हाती पडली. मूशच्या आराकेलोत्स मठातील भिक्षूंनी गावोगाव वर्गणी फिरवून चार हजार चांदीची नाणी जमविली व तिला सोडवून आणले. ‘सोडवून’ हा शब्द मी अलंकारासाठी वापरलेला नाही. आर्मेनियन लेखनिक पोथीच्या शेवटी स्मरणलेख लिहीत, आणि त्यांत लुटून नेलेल्या पोथीला बंदिवान म्हणण्याची व खंडणी भरून तिची मुक्तता केल्याचे नोंदण्याची शतकानुशतकांची वहिवाट आहे. आपला लेखनिक शेवटी पोथीचे तेलापाण्यापासून, सैल बांधणीपासून व मूर्खाच्या हातापासून रक्षण व्हावे अशी प्रार्थना करतो. आर्मेनियन लेखनिकाला याहून मोठी भये ठाऊक होती. पोथी घोकावी, जपावी, प्रसंगी सांकेतिक लिपीत लपवावी, हे महानुभावांमुळे आपण जाणतो; पण सबंध पंचक्रोशीने पोथीसाठी खंडणी भरल्याची दुसरी कथा माझ्या वाचनात नाही.

सातशे वर्षे ती मूशमध्ये राहिली. १९१५ साली ऑटोमन राजवटीने आर्मेनियन प्रजेचा जो वंशसंहार केला त्यात मूशचे पठार निर्मनुष्य झाले. कारापेतचा मठ उद्ध्वस्त झाला; त्या जागी आज चेंगिल्ली नावाचे खेडे असून तेथील घरांच्या भिंतींत कोरीव क्रूसशिळांचे तुकडे बसलेले दिसतात. आराकेलोत्स मठाच्या अवशेषांत दोन निर्वासित स्त्रियांना चारेंतीर सापडले. ते एकीला उचलेना, म्हणून त्यांनी त्याचे दोन भाग केले. अन्न, अंथरूण, दागिना यांऐवजी चौदा-चौदा किलोंचे चर्मपत्र घेऊन रशियन सरहद्दीची वाट धरणाऱ्या त्या दोघींनी ते कशासाठी केले असेल, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारले आहे, आणि वर्षाचे सण ज्यावाचून सुने राहिले असते तो ग्रंथ त्यांना माणसासारखाच बंदिवान वाटला असावा, यापलीकडे मला दुसरे उत्तर सुचलेले नाही. लिहवून घेणाऱ्याचे, लिहिणाऱ्याचे, चित्रे काढणाऱ्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे. या दोघींची नावे कोणत्याही स्मरणलेखात नाहीत.

पहिली एचमियाद्झिनला पोहोचली आणि तिचा भाग चर्चच्या संग्रहात जमा झाला. दुसरी वाटेतच खंगली. मरण्यापूर्वी तिने आपला भाग एर्झुरूम येथील मठाच्या आवारात पुरून ठेवला. रशियन फौजेतील एका पोलिश अधिकाऱ्याला तो मिळाला, त्याने तो त्बिलिसीला नेला, आणि तेथून येरेवानला येऊन अखेर दोन्ही भाग एकत्र झाले. काही सुटी पाने व्हेनिसजवळच्या सान लाझारो मठात त्याआधीच गेलेली होती, ती तेथेच आहेत. एर्झुरूम हे त्या शहराचे तुर्की नाव. आर्मेनियन लोक त्याला आजही त्याच्या जुन्या नावाने ओळखतात: कारिन.