नदी, गाव आणि माणसाची सुरक्षितता

२७ जुलै २०१९ च्या पहाटे मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी या स्थानकांच्या दरम्यान अडकून पडली. उल्हास नदीचे पाणी रुळांवर आले होते आणि गाडीच्या चारी बाजूंना पाणीच पाणी होते. गाडीत सुमारे १०५० प्रवासी होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि आसपासचे गावकरी धावून आले. दुपारपर्यंत सर्व प्रवासी सुखरूप बाहेर पडले.

ही बातमी देशभर गाजली. पण त्याच दिवशी, त्याच नदीचे पाणी बदलापूरच्या सखल भागातल्या घरांतही शिरले होते. प्रवाशांची संकटातून एका दिवसात सुटका झाली. नदीकाठी राहणाऱ्यांना मात्र पुढच्या पावसाळ्यातही तिथेच राहायचे होते. पाऊस एकच, नदी एकच, मग संकट सर्वांवर सारखे का नसते? आशियातील पर्यावरण आणि मानवी सुरक्षितता यांवर गेली तीसेक वर्षे जे संशोधन चालू आहे, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. तो आपण बदलापूरच्या उदाहरणावरून समजून घेऊ.

सुरक्षितता कोणाची?

‘सुरक्षा’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सीमा, सैन्य आणि शस्त्रे येतात. १९९४ साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मानव विकास अहवालाने हा अर्थ बदलायला सुरुवात केली. अहवालामागचे प्रमुख अर्थतज्ज्ञ होते पाकिस्तानचे महबूब उल हक. त्यांचे म्हणणे साधे होते. देशाची सीमा सुरक्षित असूनही देशातला माणूस असुरक्षित असू शकतो. भूक, रोगराई, बेकारी, दूषित पाणी यांची भीती त्याला रोज छळत असते. म्हणून अहवालाने मानवी सुरक्षिततेची सात अंगे सांगितली : आर्थिक, अन्नविषयक, आरोग्यविषयक, पर्यावरणीय, वैयक्तिक, सामुदायिक आणि राजकीय. पुढे २००३ मध्ये सादाको ओगाता आणि अमर्त्य सेन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने हा विचार अधिक विस्ताराने मांडला. या विचाराच्या जडणघडणीत आशियातील माणसांचा वाटा किती मोठा आहे हे यावरून लक्षात येईल.

संशोधकांमध्ये मात्र एकमत नव्हते. १९९० च्या दशकात कॅनडातील टॉमस होमर-डिक्सन यांच्यासारख्या अभ्यासकांनी असे मांडले की पाणी, जमीन, जंगल यांची टंचाई वाढली की समाजात संघर्ष वाढतात. दुसऱ्या गटाचा आक्षेप असा की टंचाई आपोआप भांडण लावत नाही. पाणी कोणाला मिळते आणि कोणाला मिळत नाही, हे कोण ठरवते ते आधी पाहिले पाहिजे. पर्यावरणाचा धोका एवढेच न पाहता त्या धोक्यापुढे कोण उघडे पडते आणि कोण लवकर सावरते, हे तपासायला हवे.

हा दुसरा विचार बांगलादेशात स्पष्ट दिसतो. १९७० च्या चक्रीवादळात तिथे ३ ते ५ लाख माणसे मेली असा अंदाज आहे. १९९१ च्या वादळात सुमारे १ लाख ३८ हजार मेली. २०२० मध्ये ‘अम्फान’ हे अतितीव्र वादळ आले तेव्हा बांगलादेशातील मृत्यू शंभराहूनही कमी होते. बंगालचा उपसागर काही शांत झालेला नव्हता. मधल्या काळात निवारे बांधले गेले, धोक्याची सूचना गावोगाव पोहोचवणारे स्वयंसेवक तयार झाले आणि लाखो लोकांना आधीच हलवता येऊ लागले. निसर्गाचा आघात तसाच राहूनही माणसाची असुरक्षितता कमी करता येते, ती अशी.

उल्हास नदी आणि बदलापूर

आता आपल्या नदीकडे वळू. खंडाळा-राजमाचीच्या डोंगरात उगम पावणारी उल्हास कर्जत, नेरळ, वांगणीवरून बदलापूरला येते आणि पुढे कल्याणजवळ खाडीला मिळते. सह्याद्रीचा उतार तीव्र असल्याने घाटात पडलेले पाणी थोड्या तासांत सपाटीवर येते. सपाटीवर मात्र नदीचा वेग कमी होतो, पात्र वळणे घेते आणि पाणी दोन्ही काठांवर पसरते. हे पसरणे नदीच्या स्वभावातच आहे. ज्या जमिनीवर ते पसरते तिला पूरमैदान म्हणतात. आपण त्या जमिनीला ‘मोकळा प्लॉट’ म्हणू लागलो की अडचणीला सुरुवात होते.

मूळ बदलापूर गाव नदीच्या बाजूला आहे आणि रेल्वेच्या पलीकडे कुळगाव आहे. मुंबईत घर परवडेना, तशी माणसे लोकलच्या मार्गाने पुढे पुढे सरकत इथे आली. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या सुमारे ९८ हजार होती, २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या आसपास गेली. या वाढीत भातखाचरांची जागा इमारतींनी घेतली.

भातखाचर गेले म्हणजे नेमके काय गेले? एक सोपा हिशेब करू. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १,००० घनमीटर, म्हणजे १० लाख लिटर पाणी जमते. दहा हजार लिटरचे शंभर टँकर! खाचराचा बांध १५ सेंटिमीटर उंच असेल आणि खाचर रिकामे असेल, तर हे सारे पाणी तिथेच थांबू शकते. तिथे डांबर आणि सिमेंट आले की त्यातले बहुतेक पाणी लगेच गटारात, गटारातून नाल्यात आणि नाल्यातून आधीच फुगलेल्या नदीत जाते. पाऊस तेवढाच राहूनही पूर वाढतो.

पाणी पिण्याचे आणि पाणी विषाचे

उल्हास फक्त पुराची नदी नाही. बदलापूर, उल्हासनगर, कल्याणपासून ठाणे, भिवंडीपर्यंतच्या लाखो लोकांच्या नळाचे पाणी या खोऱ्यातून येते. उन्हाळ्यातही ती वाहते याचे एक कारण टाटांचे भिवपुरी जलविद्युत केंद्र आहे. घाटमाथ्यावरील आंध्रा नदीचे, एरवी भीमेकडे जाणारे पाणी वीज निर्माण करून या खोऱ्यात उतरते. पण वाटेतल्या वस्त्यांचे सांडपाणी प्रक्रियेविना नदीत आले की त्यातील नायट्रोजन आणि फॉस्फरसवर जलपर्णी पोसली जाते. पात्रावर हिरवा गालिचा दिसतो, त्याखालच्या पाण्यातला प्राणवायू मात्र घटत जातो.

उल्हासला कल्याणजवळ मिळणाऱ्या वालधुनीची कहाणी अधिक दुःखद आहे. ही नदी अंबरनाथच्या सुमारे साडेनऊशे वर्षे जुन्या शिवमंदिराजवळून वाहते आणि पुढे उल्हासनगरातून जाते. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी वसवलेले हे शहर. घर गमावून आलेल्यांनी इथे छोटे छोटे उद्योग उभारले आणि स्वतःची आर्थिक सुरक्षितता कमावली. पण परिसरातील कारखान्यांचे सांडपाणी वालधुनीत गेले. नोव्हेंबर २०१४ मध्ये टँकरमधून रासायनिक कचरा या नदीत ओतला गेला आणि काठावरच्या शेकडो लोकांना श्वसनाचा त्रास होऊन रुग्णालयात जावे लागले. ‘वनशक्ती’ या संस्थेने दोन्ही नद्यांच्या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि २०१५ मध्ये लवादाने जबाबदार यंत्रणांना दंड ठोठावला.

जपानमधील मिनामाटाची आठवण इथे व्हावी. तिथल्या रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातील पारा माशांत आणि माशांतून माणसांत गेला. रोगाची अधिकृत नोंद १९५६ मध्ये झाली, पण सरकारने कारखान्याचा दोष मान्य करायला १९६८ साल उजाडले. मधल्या बारा वर्षांत मासे खाऊन जगणाऱ्या गरीब कोळी कुटुंबांना सर्वाधिक किंमत मोजावी लागली. दोन्ही ठिकाणची रसायने आणि प्रमाण वेगळे आहे. पण जे प्रदूषण करतात ते एका ठिकाणी आणि जे सोसतात ते दुसऱ्या ठिकाणी, ही रचना सारखीच आहे.

एकाची सुरक्षितता, दुसऱ्याची असुरक्षितता?

बदलापूरजवळच्या बारवी नदीवर औद्योगिक विकास महामंडळाचे धरण आहे. कारखान्यांना आणि शहरांना पाणी पुरावे म्हणून त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढवली गेली. त्यामुळे नळांना पाणी आले, पण काही गावपाड्यांची जमीन पाण्याखाली गेली आणि त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न दीर्घकाळ चालला. ‘धरण चांगले की वाईट’ असा वाद वर्गात घालण्यापेक्षा ‘यात कोणाची कोणती सुरक्षितता वाढली आणि कोणाची घटली’ असे विचारले, तर मुले अधिक खोलात जातात असे आम्हांला वाटते. वरची सात अंगे फळ्यावर लिहावीत आणि प्रत्येकासमोर शहरवासी, कारखान्यातील कामगार, पाड्यावरचा शेतकरी असे रकाने करावेत.

वर्गात करण्याजोगे

महाराष्ट्रात नदीकाठी दोन पूररेषा आखल्या जातात. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ याचा अर्थ अनेक जण ‘आता आला, पुढची चोवीस वर्षे निर्धास्त’ असा घेतात. तो चूक आहे. दर वर्षी तो पूर येण्याची शक्यता २५ मध्ये १, म्हणजे ०.०४ असते. न येण्याची ०.९६. तीस वर्षे सलग न येण्याची शक्यता ०.९६ चा तिसावा घात, म्हणजे सुमारे ०.२९. याचाच अर्थ, तीस वर्षांत निदान एकदा तरी तो पूर येण्याची शक्यता ७१ टक्के! लाल रेषेसाठी हाच हिशेब केला तर उत्तर सुमारे २६ टक्के येते. नवीन घराचे कर्ज वीस-तीस वर्षांचे असते. निळ्या रेषेच्या आत घर घेणारे कुटुंब कर्ज फिटण्याआधीच बुडीत पाणी पाहण्याची शक्यता किती मोठी आहे, हे विद्यार्थी स्वतःच काढू शकतील.

दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना आणखी एक काम देता येईल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी आपल्या वस्तीत पाणी कुठवर आले होते, हे घरातील मोठ्यांना विचारावे. २०१९ चेही विचारावे. त्या खुणा गावाच्या नकाशावर मांडाव्यात. मग त्याच नकाशावर शाळा, दवाखाना, विजेची रोहित्रे आणि पाणी उपसा केंद्रे दाखवावीत. पाण्याखाली जाणाऱ्या भागात एकटे वृद्ध, भाडेकरू, रोजंदारीवरील कुटुंबे कुठे राहतात हेही, त्यांची नावे न लिहिता, नोंदवावे.

असा नकाशा तयार झाला की तो वहीत ठेवू नये. ग्रामसभेत किंवा नगरपालिकेत नेऊन दाखवावा. पूर कधी येईल हे आपल्या हाती नाही. पण पाणी चढू लागल्यावर आधी कोणाला उठवायचे आणि कोणत्या वाटेने न्यायचे, हे जून उजाडण्यापूर्वी ठरवता येते.