युद्धपट, अल्पखर्ची इटालियन
इटलीत १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अल्प खर्चात निर्माण झालेले युद्धपट. ‘मॅकरोनी काँबॅट’ या नावानेही ते ओळखले जातात. यशस्वी अमेरिकन चित्रपटांचे अनुकरण हा त्यांचा पाया. साधनसामग्रीची उणीव लघुप्रतिकृती व स्फोटदृश्ये यांनी भरून काढली जाई. अंतोनिओ मार्गेरिती यांचा व्हिएटनाम युद्धावरील ‘लुल्तिमो काच्चातोरे’ (१९८०) फिलिपीन्समध्ये चित्रित झाला. या चित्रपटांच्या आकर्षणाचे मर्म त्यांच्या नायकांत आहे. एन्झो कास्तेल्लारी यांच्या ‘क्वेल मालेदेत्तो त्रेनो ब्लिंदातो’ (१९७८) मध्ये लष्करी तुरुंगाकडे नेले जाणारे अमेरिकन सैनिक निसटून स्वित्झर्लंड गाठू पाहतात. शौर्य त्यांच्यावर परिस्थितीने लादले जाते. ध्येयवादाऐवजी जीव वाचविण्याची धडपड येथे दिसते. तथापि युद्धाची निरर्थकता दाखवीत असतानाच हिंसाचाराचे प्रदर्शन विकणे, हा या चित्रपटांतील मूलभूत अंतर्विरोध होय.