जुनी गायता घेताना: दोष पत्तीत की लाकडात?

वायव्य स्पेनमधल्या गॅलिसियात 'गायता' नावाची बॅगपाइप वाजवतात. सेकंडहँड गायता विकायला निघाली की घेणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, 'सुरात आहे का?' विकणारा म्हणतो 'आहे की', आणि व्हिडिओ पाठवतो. कन्फाउंडिंगची व्याख्या पाठ करून बसला असाल, तर तिचं याहून चांगलं उदाहरण क्वचितच मिळेल.

कसं ते बघा. गायतेच्या पिशवीला 'फोल' म्हणतात. बोटांनी वाजवायची नळी म्हणजे 'पुंतेइरो'. तिचं भोक सनईसारखं खाली रुंद होत जातं आणि तिला दुहेरी पत्ती असते. खांद्यावर टेकवलेला 'रोंको' एकच सूर धरतो, पुंतेइरोच्या षड्जाच्या दोन सप्तकं खाली. पत्ती झिजते, बदलता येते. पिशवीही बदलता येते. पैसे मोजायचे ते पुंतेइरोच्या लाकडासाठी. पण कानावर पडतो तो या सगळ्यांचा एकत्रित परिणाम!

म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला. सोबत ट्यूनर आणि त्याच पट्टीची दुसरी चांगली पत्ती न्या. सगळेच सूर सारखेच उतरले असतील तर लाकडावर आळ घेऊ नका. नळीतली हवा 10 अंशांनी गार असली तरी सूर साधारण 30 सेंट, म्हणजे अर्धस्वराच्या जवळपास तिसऱ्या हिश्शाने उतरतो. वरचा षड्ज खालच्याशी जुळत नसेल तर पत्ती थोडी आत-बाहेर करा. आत सरकवली की वरचे सूर खालच्यांपेक्षा जास्त चढतात. पण दोन्ही पत्त्यांवर तोच एक सूर हटून बसला, तर मात्र भोकांकडे बघा. लाकूड वाळताना सगळ्या दिशांना सारखं आकसत नाही, त्यामुळे गोल भोक किंचित लंबगोल होतं. कुणी सूर 'सुधारायला' भोक कोरलं असेल, तर ते लाकूड काही परत येत नाही.

आणि रोंकोशी जुळतंय म्हणून खूश होऊ नका. रोंकोचे सांधे सरकवून तो उतरलेल्या पुंतेइरोशीही जुळवता येतो. मोजपट्टीच वस्तूला बघून ताणली तर ती कसली मोजपट्टी?

उलट बाजूही आहे. जुन्या पारंपरिक पुंतेइरोंचे काही सूर, विशेषतः गांधार, आजच्या समान अर्धस्वरांच्या पट्टीत बसत नाहीत. ट्यूनर लाल दिवा दाखवतो, पण तो दोष नाही. बनवणाऱ्याची पट्टीच वेगळी होती. बोटं ठेवायच्याही दोन पद्धती आहेत, बंद आणि उघडी. आपण कुठली वापरतोय हे ठरवल्याशिवाय घेतलेलं रीडिंग मला तरी निरुपयोगी वाटतं.

तुम्ही विकणारे असाल तर पट्टी, बोटांची पद्धत, केलेली दुरुस्ती आणि लाकूड स्पष्ट लिहा. ज्या पत्तीवर सूर लावलेत ती सोबत द्या. लाकूड ग्रेनाडिया असेल तर ते डाल्बर्जिया वंशातलं, म्हणजे आपल्या शिसवीचं भावंड. 2017 मध्ये या अख्ख्या वंशावर सायटीस कराराचे निर्बंध आले, 2019 मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली. त्यामुळे परदेशी पाठवण्याबद्दलचा जुना सल्ला वाचताना तो कुठल्या सालचा आहे ते आधी बघा.