ज्यू कोणाला म्हणावे?

चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर गेलात, तर गुलालात न्हालेल्या गर्दीत कुणालाही विचारा, "जोतिबा तुमच्या घरी कुणाकडून आला?" बहुतेक जण सांगतील, वडिलांकडून. सूनसुद्धा सासरचेच कुलदैवत आपले मानते.

ज्यू धर्मशास्त्राचा हिशेब नेमका उलटा. तिथे आई ज्यू, तर मूल ज्यू. बाप कोणीही असो. दुसरी वाट धर्मांतराची. तिघांच्या धर्मसभेपुढे आज्ञा पाळण्याचे कबूल करायचे, विधिपूर्वक स्नान करायचे. पुरुषाने सुंताही करून घ्यायची. मग तो माणूस पुरता ज्यू झाला. दावीद राजाची पणजी रूथ मूळची परक्या, मवाबी कुळातलीच होती.

नियम सोपा वाटतो ना? पण पुरावा द्यायची वेळ आली, म्हणजे खरी पंचाईत होते. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलांचेच पाहा. अलिबागजवळ नवगावला पूर्वजांचे जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, असे त्यांची परंपरा सांगते. तेलाचा घाणा चालवणारी ही मंडळी शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. सुंता चालू राहिली, बोली मराठी झाली, आडनावे दिवेकर, किहीमकर अशी झाली. वंशावळीचे कागद मात्र कुणी जपले नाहीत.

पुढे यांतले पुष्कळ लोक इस्रायलला गेले. तिथे ज्यूंची लग्ने रब्बींच्या हाती. १९६२ साली मुख्य रब्बींच्या कार्यालयाने फर्मावले, की बेने इस्रायल वधूवरांना इतर ज्यूंशी लग्न करायचे असेल, तर त्यांच्या आईची, आजीची, शक्य तितक्या मागची चौकशी करावी. शंका उरल्यास धर्मसभेकडे पाठवावे. ती प्रसंगी स्नानविधीही सांगे.

आता कुणी म्हणेल, करून टाकावा विधी, त्यात काय बिघडले? बिघडत होते ते असे. तो विधी पत्करला, की आपण आजवर ज्यू नव्हतो हे कबूल केल्यासारखे होई. शेकडो वर्षे शनिवार पाळणाऱ्या आजीपणजीला आपणच परके ठरवायचे! मंडळींनी नकार दिला आणि जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने, बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत, असा ठराव केला. फर्मानातून त्यांचे नावही वगळले गेले.

आपल्यापुरते विचाराल, तर आईच्या आईच्या आईचे नाव आपल्यापैकी कितीजणांना सांगता येईल?