गाठ हाताला लागली, पुढे?

१९९६-९७ मध्ये फिलिपीन्सच्या मनिला शहरात एक मोठा अभ्यास सुरू झाला. सगळ्यांची मॅमोग्राफी करणे परवडणार नाही अशा ठिकाणी शिकवून तयार केलेल्या परिचारिकांनी आणि सुइणींनी हाताने स्तन तपासले, तर कर्करोगाचे मृत्यू कमी होतील का, हे पाहायचे होते. तपासणीला बायका आल्या, चांगल्या संख्येने आल्या. १,३८,३९२ जणी तपासल्या गेल्या, त्यांपैकी ३,४७९ जणींना गाठ लागली आणि त्यांना पुढच्या तपासण्यांसाठी पाठवण्यात आले. पण निदानापर्यंत पोचल्या फक्त १,२२०, म्हणजे ३५ टक्के. ४२ टक्के जणींनी, माणसे घरी जाऊनही, साफ नकार दिला आणि उरलेल्यांचा माग लागला नाही. पहिल्याच फेरीनंतर तपासणी थांबवावी लागली. गेल्या तीस वर्षांकडे मागे वळून पाहताना मला हा अपयशी अभ्यास सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्क्रीनिंगचा जीव पहिल्या तपासणीत नसतो, संशय आल्यापासून पक्के निदान होईपर्यंतच्या वाटेत असतो, हे त्याने आकड्यांत दाखवून दिले.

ही वाट तशी लांबलचक नाही. हाताला काही लागले किंवा मॅमोग्राफीत काही दिसले, की वेगळ्या कोनांतून आणखी फोटो काढतात, सोनोग्राफी करतात आणि तरीही शंका राहिली तर सुईची तपासणी होते. बायरॅड्स म्हणजे स्तनाच्या फोटोंना दिलेली संशयाची श्रेणी; रिपोर्टवर ‘बायरॅड्स शून्य’ लिहिलेले पाहून घरात रडारड होते. त्याचा अर्थ मात्र एवढाच, की फोटो अपुरे आहेत, आणखी काढा. तीन म्हणजे कर्करोगाची शक्यता दोन टक्क्यांपेक्षा कमी, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. चार किंवा पाच आले तर सुई. या सुईच्या तपासणीत, म्हणजे कोअर बायॉप्सीत, तेवढी जागा बधिर करतात, स्टेपलरसारखा खट्ट आवाज होतो आणि शेवईच्या तुकड्याएवढा मांसल धागा फॉर्मेलिनच्या बाटलीत पडतो. बहुतेक बायका त्याच दिवशी घरी जातात. तरीही ‘सुई लावली की गाठ पसरते’ हे वाक्य आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. त्याला निव्वळ अडाणीपणा म्हणून झटकून टाकणे मला पटत नाही. तपासणी म्हणजेच स्तन गमावणे, असा काळ खरोखर होता. अमेरिकेत १९७०च्या दशकापर्यंत बाईला भूल देऊन गाठ काढत, तिथल्या तिथे तपासत आणि कर्करोग निघाला तर त्याच भुलीत सबंध स्तन काढून टाकत. शुद्धीवर आल्यावरच तिला कळे. आधी निदान, मग बाईशी बोलून उपचार, अशा दोन टप्प्यांची शिफारस तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ परिषदेने केली ती १९७९ मध्ये. शस्त्रक्रियेची रीत बदलली, पण धास्ती तितक्या लवकर विरत नाही.

मनिलाच्या पाठोपाठ, १९९८ मध्ये, टाटा मेमोरियल रुग्णालयाने मुंबईच्या झोपडवस्त्यांत असाच अभ्यास हाती घेतला. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायका, त्यांतल्या एका गटासाठी दर दोन वर्षांनी एक अशा तपासणीच्या चार फेऱ्या आणि त्यानंतरही वर्षानुवर्षे घरोघर चौकशी. तपासणाऱ्या होत्या प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका. २०२१ मध्ये वीस वर्षांचे निष्कर्ष आले. पुढच्या टप्प्यात पोचलेल्या, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातल्या कर्करोगांचे प्रमाण तपासणी न झालेल्या गटात ४७ टक्के होते, तपासणी झालेल्या गटात ३७ टक्के. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. सगळ्या वयांचा एकत्र हिशेब केला तर घट १५ टक्के होती आणि ती संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरती उतरली नाही. पन्नाशीच्या आतल्यांना ठोस फायदा दिसला नाही. हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. पण दोन्ही शहरांत साधन एकच होते, माणसाचा हात. माझ्या मते मुंबईत फरक पडला तो पाठपुराव्यामुळे, त्याच घरांकडे पुन्हा पुन्हा जाण्यामुळे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या अशाच अभ्यासात संशयित ठरलेल्या २,८८० बायकांपैकी कर्करोग निघाला ३० जणींना. शंभरातल्या नव्व्याण्णव जणींना उगाच घोर लावायचा कशाला? माझे म्हणणे असे, की घोर लागतो तो संशयामुळे आणि वाढतो ताटकळण्यामुळे. नव्व्याण्णव जणींना ‘काही नाही, घरी जा’ असे आठवड्याभरात ऐकायला मिळाले, तर तो त्रास सोसण्याजोगा आहे. तीन महिने हेलपाटे घालून मिळाले, तर नाही. आणि तीसजणींसाठी तेच तीन महिने आयुष्याच्या हिशेबातून वजा होतात. म्हणजे हा आक्षेप खरा मानला, तरी तो तपासणीच्या विरोधात जात नाही, अर्धवट तपासणीच्या विरोधात जातो.

दुसरा आक्षेप नेहमीचा: पुढच्या तपासणीला बायकाच येत नाहीत, आम्ही काय करणार? न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये शल्यविशारद हॅरॉल्ड फ्रीमन यांनी १९९० मध्ये यावर साधा उपाय काढला. रिपोर्टमध्ये काही आढळले, की त्या बाईसोबत वस्तीतलेच एक माणूस द्यायचे. अपॉइंटमेंट, कागदपत्रे, पैशांची सोय, मनातली भीती, सगळ्यांत ते सोबत राहणार. मनिलाचे नकार पाहता भीती खरी आहे, हे मान्य. पण ती एका भेटीत जात नाही, ओळखीच्या माणसाने मागे लागावे लागते. आपल्याकडे आशाताईंना ते जमेल, मात्र त्या कामाचा वेगळा मोबदला त्यांना मिळायला हवा.

भारत सरकारने २०१६ मध्ये तिशीपुढच्या बायकांची पाच वर्षांतून एकदा स्तनतपासणी करण्याचा आराखडा काढला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी अशी तपासणी कधीतरी झालेल्या निघाल्या ०.९ टक्के. हा आकडा वाढवण्यासाठी आता शिबिरे होतील, व्हायलाच हवीत. पण प्रत्येक शिबिराच्या वहीत ‘तपासलेल्या’ या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने आखले पाहिजेत: संशयित निघालेल्यांपैकी किती जणींचे निदान पूर्ण झाले, आणि किती दिवसांत.