दार कुठं आहे, ते आधी दाखवा

जीव वाचवण्याच्या भयपटाचा निकाल मी पडद्यावरून कमी आणि खुर्च्यांवरून जास्त लावतो. त्यासाठी मागच्या बाजूची, कडेची सीट घ्यायची. तिथून पडदाही दिसतो आणि माणसांची डोकीही. लोक किंचाळले म्हणजे सिनेमा जमला, हा समज जाहिरातवाल्यांनी पसरवलेला आहे. किंचाळणं म्हणजे नुसतं दचकणं. काळोखात कुणाच्या कानामागं ताट पाडलं तरी तेवढं होतं. खरोखर घाबरलेलं थिएटर सल्ले देऊ लागतं, आणि नागपुरात तर हमखास. "अबे मागं पाय ना बे!" "चाबी टेबलावर आहे, चाबी घे पहिले!" "तिकडं नको, तिकडचा दरवाजा बंद हाय!" हे शेवटचं वाक्य माझ्या दृष्टीनं सर्वात मोलाचं. तिकडचा दरवाजा बंद आहे हे मागच्या रांगेतल्या पोराला ठाऊक आहे, म्हणजे दिग्दर्शकानं ते त्याला अर्ध्या तासापूर्वी नीट दाखवलेलं आहे आणि पोरानं ते लक्षात ठेवलेलं आहे.

सिनेमा घसरतो तेव्हा सल्ले आधी थांबतात. मग "कायले गेली होती थे तिथं?" असा प्रश्न येतो, त्यावर हशा पिकतो, आणि थोड्या वेळानं रांगारांगांतून मोबाइल पेटतात. पडद्यावर त्या वेळी रक्ताचा सडा पडलेला असला तरी कुणाला त्याचं काही वाटत नाही.

जीव वाचवण्याच्या या भयप्रकाराला सर्व्हायव्हल हॉरर हे नाव मिळालं ते व्हिडिओ गेममुळे. जपानच्या कॅपकॉम कंपनीनं १९९६ साली 'रेसिडेंट ईव्हिल' बाजारात आणला, तेव्हा त्याच्यासोबत हे शब्द आले. त्या गेममध्ये बंदुकीच्या गोळ्या मोजक्या, जखमेवर लावायच्या औषधी वनस्पती मोजक्या, आणि खेळ जिथवर आला तिथं जपून ठेवायचा असेल तर टाइपरायटरची शाईची फीतसुद्धा मोजकीच. दार उघडण्याआधी खेळणारा खिसा तपासायचा. आत जे काही असेल त्याची भीती होतीच. पण गोळ्या तीनच उरल्यात, ही भीती तिच्याहून मोठी होती. सिनेमात हे फार आधीपासून होतं. जॉर्ज रोमेरोच्या १९६८ सालच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये शेतावरच्या घरात अडकलेली माणसं खिडक्यांना फळ्या ठोकतात आणि तळघरात लपायचं की वर थांबायचं यावर तावातावानं भांडतात. बाहेर मुडदे फिरतायत, आणि आत चालू आहे ते वास्तूच्या नकाशावरचं भांडण. आपण पाहणारेही त्यात कुणाची तरी बाजू घेतो.

घरी आलो की दुसरं काम. कागदावर त्या घराचा, बोगद्याचा, शेताचा नकाशा काढायचा आणि शेजारी दोन रकाने आखायचे: जवळ काय आहे, आणि काय गेलं. नकाशा काढता आला नाही तर बहुतेक वेळा दोष माझ्या स्मरणशक्तीचा नसतो. दिग्दर्शकालाच जिना स्वयंपाकघराच्या डावीकडं की उजवीकडं हे ठरवता आलेलं नसतं. मग आवाज बंद करून सिनेमा पुन्हा लावायचा. बरेच भयपट इथंच उघडे पडतात, कारण त्यांची सगळी भीती साउंड इंजिनिअरनं केलेली असते. आवाज गेल्यावर उरतं काय, तर एक बाई टॉर्च घेऊन दालनात फिरतेय.

विक्रमादित्य मोटवानेचा 'ट्रॅप्ड' हा २०१७ साली प्रदर्शित झालेला सिनेमा भूतप्रेताचा नाही, पण या रकान्यांसाठी त्याच्यासारखा नमुना हिंदीत दुसरा मला सापडलेला नाही. राजकुमार रावचा शौर्य मुंबईतल्या एका रिकाम्या टॉवरच्या वरच्या मजल्यावर फ्लॅटमध्ये अडकतो. चावी बाहेर राहिली, फोन मेला, नळाला पाणी नाही, खालच्या वॉचमनला ऐकू कमी येतं. बस, एवढंच. त्यानंतर दिग्दर्शकानं आपल्या सोयीसाठी एक वस्तूही खोलीत आणलेली नाही. बिस्किटं संपतात, पाऊस आला की भांडी बाहेर धरली जातात, आणि शुद्ध शाकाहारी माणूस कबुतरापर्यंत पोचतो. कबुतराच्या त्या प्रसंगात थिएटरात हसू येत नाही, कारण त्याआधीचा प्रत्येक घास आपण मोजलेला असतो.

जॉन क्रॅसिन्स्कीच्या 'अ क्वाएट प्लेस'मध्ये (२०१८) ही तयारी एक खिळा करतो. कपड्यांचं गाठोडं ओढत जिना चढताना आईच्या हातून एक खिळा उलटा उभा राहतो. तिला कळत नाही, आपल्याला कळतं. आवाज झाला की जनावर येतं, हा त्या सिनेमाचा नियम. आता ती गरोदर बाई अनवाणी त्या जिन्यावरून केव्हा उतरते याची वाट पाहत अख्खं थिएटर बसलेलं असतं, आणि पॉपकॉर्न खाणाऱ्याच्या हातातला पुडा मांडीवरच राहतो. खिळा दाखवायला लागतात काही सेकंद. त्यावर पुढचा अर्धा तास उभा आहे. हेच दृश्य आळशी दिग्दर्शकाच्या हातात पडलं असतं तर खिळा थेट पायातच दिसला असता, मोठ्या आवाजासह.

नागपूरच्या माणसानं या विषयावर लिहायचं आणि 'तुंबाड' टाळायचं, हे जमणार नाही. गाव कोकणातलं, नाव श्री. ना. पेंडसेंच्या कादंबरीवरून आलेलं, पण बीज पडलं ते आमच्या बाजूला. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितलेली हकीकत अशी की १९९३ साली नागझिऱ्याच्या अभयारण्यात एका मित्रानं त्यांना भयकथाकार नारायण धारपांची एक गोष्ट ऐकवली आणि ती त्यांच्या डोक्यातून गेलीच नाही. नागझिरा म्हणजे साकोलीवरून आत, भंडारा-गोंदियाच्या हद्दीतलं जंगल. तिथली विश्रामगृहं विजेविना राहण्यासाठीच ओळखली जात. रात्री कंदिलाच्या पलीकडं काय आहे हे कळायला मार्ग नाही, आणि त्यात धारप! ही गोष्ट पुण्याच्या फ्लॅटमध्ये ट्यूबलाइटखाली ऐकली असती तर सिनेमा झाला असता का, अशी शंका मला येते. पण हा आमचा विदर्भाभिमानही असू शकतो.

'तुंबाड'चं चित्रीकरण २०१२ साली सुरू झालं, मनासारखं न झाल्यानं पुष्कळसं पुन्हा केलं गेलं, आणि सिनेमा लोकांपुढं आला तो ऑक्टोबर २०१८ मध्ये. पंकज कुमार यांचं छायाचित्रण, तो न थांबणारा पाऊस, वाड्याची ओल यांबद्दल खूप लिहून झालं आहे. माझ्या वहीत मात्र 'तुंबाड'च्या पानावर सगळ्यात वर 'कणीक' असा शब्द आहे. सिनेमातल्या हस्तर या शापित देवाला सोनं मिळालं, धान्य मिळालं नाही, म्हणून तो जन्माचा भुकेला. कणकेची बाहुली दिली की तो खायला येतो. कणकेचं रिंगण त्याला ओलांडता येत नाही. तो खातोय तेवढ्या वेळात त्याच्या लंगोटातल्या मोहरा ओढायच्या आणि दोराला धरून वर यायचं. त्याचा स्पर्श झाला तर मरणही नाही, नुसतं सडत राहणं. ते काय असतं हे आजीच्या रूपानं आपण सुरुवातीलाच पाहिलेलं आहे. इतके साधे नियम. शाळकरी पोरालाही ते एकदा पाहून पाठ होतात. त्यामुळे नायक विनायक हस्तरच्या त्या लाल, श्वास घेणाऱ्या विवरात उतरतो तेव्हा आपण त्याच्यासोबत बेत आखत असतो, आणि त्याच्या लोभाचे भागीदारही होतो. मग पोरगा पांडुरंग बापाला सुचवतो की बाहुल्या भरपूर नेऊ, तो खाण्यात गुंतला की अख्खा लंगोटच पळवू. थिएटर मनातल्या मनात मान डोलावतं. उत्तम कल्पना! आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर समोर उभे राहतात. दिग्दर्शकानं नियम मोडलेला नाही. तो नियम आपल्याला पूर्ण कळलेला नव्हता, एवढंच. या जातीच्या सिनेमात याहून मोठी करामत मला ठाऊक नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये 'तुंबाड' पुन्हा थिएटरांत लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. २०१८ साली शाळेत असलेली पोरं आता कॉलेजातून टोळक्यानं आली होती. रात्रीचा शो सुटल्यावर पार्किंगमध्ये एक टोळकं गाड्यांवर बसून विनायकाचा बेत दुरुस्त करत होतं. एक म्हणे, एकच बाहुली न्यायची होती, रोजच्यासारखी. दुसरा म्हणे, बाहुल्या न्यायच्या पण पिशवीतून एकेकच काढायची. त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली, "पोराला खाली न्यायचंच कायले पण?" यावर एकदम गलका झाला. सुटलेल्या सिनेमातल्या माणसाचा जीव पार्किंगमध्ये वाचवायला निघालेले प्रेक्षक कोणत्याही बक्षिसापेक्षा मोठं प्रमाणपत्र देतात.

मराठीत विशाल फुरियाचा 'लपाछपी' (२०१७) निम्मा याच उंचीचा आहे. पूजा सावंतची गरोदर नेहा, उसाच्या शेतात लपलेलं घर, आणि उषा नाईक यांची तुळसाबाई, जी प्रेमानं जेवायला वाढते आणि तरी ताटाकडं बघावंसं वाटत नाही. ऊस ही जागा म्हणून किती भयंकर आहे! हातभर अंतरापलीकडं दिसत नाही, पात्यांनी कातडी कापली जाते, आणि खूण म्हणून धरावं असं काही नसतं. सगळीकडं सारखाच ऊस. इथं नकाशा नसणं हाच नकाशा आहे, आणि ते दिग्दर्शकाला पक्कं माहीत आहे. आमच्याकडं ऊस कमी, पण पौषात डोक्यापेक्षा उंच वाढलेल्या तुरीत शिरलेल्या कुणालाही नेहाची घालमेल समजावून सांगावी लागणार नाही. उत्तरार्धात मात्र जुना इतिहास उलगडायला घेतला जातो. स्त्रीभ्रूणहत्येचा विषय खराच आहे आणि राग यावा असाच आहे. पण तो समजावला जात असताना नेहा कुठून पळेल हा विचार आपण सोडून देतो आणि नुसतं ऐकत बसतो. फुरियानंच पुढं २०२१ साली 'छोरी' नावानं हिंदीत हीच गोष्ट केली; तिथंही ऊस बोलतो तेव्हा भीती वाटते आणि माणसं बोलू लागली की कमी होते.

आदित्य सरपोतदारच्या 'झोंबिवली'त (२०२२) मला हसू पुष्कळ आलं. उंच इमारत आणि शेजारची वस्ती यांच्यामधली भिंत ही त्यातली अस्सल जागा. पण अमेय वाघ इतका गोड धांदरट आहे की त्याला काही होणार नाही याची खात्री आपल्याला फार लवकर पटते, आणि मग त्याला कुणी सल्ला देत नाही. कोरियाच्या 'ट्रेन टू बुसान'मध्ये (२०१६) ती खात्री कुणाचीच देता येत नाही. तिथल्या झोंबींना अंधारात दिसत नाही. हे पात्रांना कळतं एका बोगद्यात, आणि आपल्याला त्यांच्यासोबतच. त्यानंतर पुढचा बोगदा कधी येतो याची वाट आपण जितक्या आतुरतेनं पाहतो, तितकी आपल्या स्टेशनाचीही कधी पाहिली नसेल.

माझ्या ओळखीत एक वनरक्षक आहे, ब्रह्मपुरीच्या बाजूचा. नागपूरला आला की मी त्याला मुद्दाम असले सिनेमे दाखवतो. त्याच्या भागात मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बाया घोळक्यानं जातात, मोठ्यानं बोलत राहतात, कारण वाकून वेचणारं एकटं माणूस वाघाला चार पायांच्या जनावरासारखं दिसतं. त्यामुळे जंगलातल्या भयपटांचा तो निर्दयपणे निकाल लावतो. "वाघापुढं पळते का कोणी? उभं राहाव लागते." "रात्री पाण्याच्या काठी तंबू ठोकला ह्यानं?" "वाऱ्याकडं पाठ आहे याची." भूत, राक्षस, परग्रहावरचा प्राणी याला त्याची काही हरकत नसते. ते तो निमूट मान्य करतो. माणसानं गाढवासारखं वागलेलं मात्र त्याला चालत नाही.

नील मार्शलचा 'द डिसेंट' (२००५) मी त्याला दाखवला. सहा बायका एका गुहेत उतरतात, परतीची वाट कोसळते, आणि अर्धा सिनेमा होईपर्यंत तिथले ते पांढुरके प्राणी नीट दिसतही नाहीत. नुसत्या फटीत अडकलेल्या खांद्यानंच जीव अर्धा होतो. या सिनेमाचे दोन शेवट आहेत. अमेरिकेत दाखवलेला शेवट नायिका बाहेर पडून गाडीपर्यंत पोचल्यावर थांबतो. मूळ ब्रिटिश शेवटात ते बाहेर पडणं तिच्या डोक्यातलं असतं आणि ती गुहेतच असते. दोन्ही दाखवून मी त्याला विचारलं, बरोबर कोणता?

त्यानं थोडा विचार करून उलट प्रश्न केला, "जाताना गेटावर नोंद केली होती का यांनी?"

नव्हती केली. ज्या मैत्रिणीनं नेलं तिनं भलतीच गुहा सांगितली होती. ही गुहा कुणाला ठाऊकच नव्हती, आणि हे सिनेमात स्पष्ट बोललं गेलंय.

"मग शोधायला कोण येईन? त्या गुहेचा नकाशा नाही, दुसरं तोंड कोणाला माहीत नाही, उजेडही संपत आलेला," तो बोटं दुमडत म्हणाला. "बाहेर आलेली दाखवली थो शेवट खोटा."