शिडाच्या नौकेवरील घटमालेचे भारण-नियंत्रण
शिडाच्या नौकेवरील दिवे, दिशादर्शक साधने, बिनतारी संदेशयंत्र व प्रशीतक यांना लागणारी वीज संचायक घटमालेत साठविलेली असते. एंजिनाने फिरविल्या जाणाऱ्या प्रत्यावर्तकाने (आल्टर्नेटरने) ती घटमाला पुन्हा भारित करताना त्याच्या प्रदानाचे नियमन करण्यास भारण-नियंत्रण म्हणतात.

तत्त्व : प्रत्यावर्तकाच्या घूर्णकावरील क्षेत्र गुंडाळीतून अल्प प्रवाह जातो. त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे स्थिर गुंडाळ्यांत प्रत्यावर्ती प्रवाह प्रवर्तित होतो व डायोडांमुळे तो एकदिश बनतो. नियंत्रक क्षेत्र गुंडाळीतील प्रवाह कमीजास्त करून प्रदान बदलतो.

गरज : मोटारगाडीतील साधा नियंत्रक दाब सु. १४ व्होल्टवर स्थिर राखतो. गाडी सुरू करताना थोडीच वीज खर्च होते व ती लवकर भरून निघते, म्हणून तेथे तो पुरतो. नौकेवरील घटमाला मात्र निम्म्यापर्यंत रिकामी होते आणि एंजिन थोडाच वेळ चालते. शिसे-अम्ल घट वारंवार अपुरे भारित राहिल्यास त्यांच्या पट्टिकांवर शिसे सल्फेटाचे कठीण स्फटिक साचतात व धारणक्षमता कायमची घटते.

टप्पे : म्हणून नौकांवर त्रिपदी नियंत्रक वापरतात. बारा व्होल्टच्या शिसे-अम्ल घटमालेत प्रथम शक्य तेवढा प्रवाह सोडतात. दाब सु. १४·४ व्होल्ट झाल्यावर तो स्थिर ठेवतात. तेव्हा प्रवाह हळूहळू उतरतो. शेवटी दाब सु. १३·५ व्होल्टपर्यंत कमी करतात, त्यामुळे विद्युत् विच्छेद्यातील पाण्याचे अनावश्यक विघटन टळते. घटमालेचे तापमान २५° से.पेक्षा जास्त असल्यास प्रत्येक अंशास सु. ०·०३ व्होल्ट दाब कमी करावा लागतो. अखेरचा सु. पाचवा हिस्सा घट संथपणेच स्वीकारतात. तो नियंत्रकाने लवकर भरता येत नाही. त्यासाठी सौर पट्ट किंवा बंदरातील वीजपुरवठा सोयीचा ठरतो.

लिथियम घट : लिथियम-लोह-फॉस्फेट घटांचा अंतर्गत रोध अत्यल्प असल्याने ते दीर्घकाळ मोठा प्रवाह ओढतात. मंद गतीत पंख्याचा वारा अपुरा पडून प्रत्यावर्तक जळू शकतो. म्हणून त्याचे तापमान मोजून क्षेत्र प्रवाह घटविणारा नियंत्रक आवश्यक असतो. घटमालेच्या संरक्षक यंत्रणेने जोडणी अचानक तोडल्यास दाब एकदम उसळून डायोड निकामी होतात. याकरिता जोडणी तुटण्यापूर्वीच क्षेत्र प्रवाह बंद होईल अशी योजना करतात. कोणत्याही प्रकारच्या घटमालेत, एंजिन चालू असताना प्रत्यावर्तक व घटमाला यांमधील खटका उघडू नये.